सगळ्यांचे डोळे सेन्सरकडे!

नवा कॅमेरा येतोय, ही खबर सगळ्यात आधी कुणाला लागते, माहीत आहे का? फोटोग्राफरला? दुकानदाराला? छे हो! सरकारी दफ्तराला!

हल्ली जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो रेडिओ लहरी सोडणारं यंत्र. विकायचा तर आधी देशोदेशीच्या रेडिओ खात्यांत नोंदणी करा. नोंदणी झाली की यादीत एक कोड नंबर झळकतो. नाव नाही, फोटो नाही, किंमत नाही, नुसता नंबर! आणि जगभरचे कॅमेरावेडे त्यावर तुटून पडतात. ‘वाय-फाय पाच गिगाहर्ट्झचं दिसतंय, म्हणजे बॉडी महागातली.’ ‘ब्लूटूथ जुनंच आहे, म्हणजे सेन्सरही जुनाच.’ बाळ जन्मायच्या आधीच पत्रिका तयार!

आपल्याकडेही ही जमात काही कमी नाही. हिवाळ्यात भल्या पहाटे भिगवणला जाऊन बघा. नावेत चार जण असले, तर दोघं फ्लेमिंगोवर बोलत असतात आणि दोघं येऊ घातलेल्या बॉडीवर. ‘लो लाइटला कसा असेल रे?’ ‘आहे ती बॉडी आत्ताच काढून टाकू का? नंतर भाव पडेल.’ नावाडी दादा बिचारा बोट दाखवून सांगत असतो, ‘साहेब, तो बघा, उडाला!’ तोवर फ्लेमिंगो पार. आणि सगळ्यात शेवटी तो हमखास प्रश्न: ‘डिसेंबरात अमेरिकेहून कुणी येतंय का?’

या जमातीचा लाडका शब्द कोणता? ‘म्हणे’! नवा सेन्सर येणार म्हणे. स्टॅक्ड आहे म्हणे. दिवाळीपर्यंत येतोय म्हणे. (कुठली दिवाळी, ते विचारायचं नाही.)

आता या ‘म्हणे’चा एक इरसाल नमुना. निकॉन डी४०० हा कॅमेरा ठाऊक आहे? नसणारच. कारण तो कधी आलाच नाही! २००९ मध्ये डी३००एस आला. त्यापुढचा डी४०० असणार, हे पक्षी आणि खेळ टिपणाऱ्यांनी परस्परच ठरवून टाकलं. वर्षामागून वर्षं त्याच्या फीचर्सवर वाद झडले. जानेवारी २०१६ मध्ये निकॉनने अखेर पडदा उघडला, तर आत होता डी५००! चारशे नंबरचं सगळं आयुष्य अफवेतच गेलं.

साडेसहा वर्षं तुम्हाला फार वाटतात? मग पेंटॅक्सवाल्यांना साष्टांग नमस्कार घाला. २००० साली जर्मनीतल्या कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात पेंटॅक्सने फुल फ्रेम सेन्सरचा डिजिटल एसएलआर काचेच्या पेटीत मांडला होता. सहा मेगापिक्सेलचा, फिलिप्सचा सेन्सर. पुढच्या वर्षी प्रकल्प गुंडाळला. त्यानंतर पेंटॅक्सचा पहिला फुल फ्रेम, के-१, जाहीर झाला फेब्रुवारी २०१६ मध्ये! २००० साली पाळण्यात असलेलं पोर तोवर दहावीला बसलं.

बरं, ज्याच्यासाठी एवढा जीव टांगणीला, तो सेन्सर म्हणजे नक्की काय? सेन्सॉर चित्रं कापतो, सेन्सर चित्रं पकडतो, इतका फरक तर कळला. पण त्याचं एक गुपित सांगू? हा पठ्ठ्या ठार रंगांधळा असतो!

खरंच! सिलिकॉनच्या चिपला फक्त उजेड किती पडला ते कळतं. लाल की निळा, पत्ताच नाही. मग रंग येतो कुठून? कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी १९७५ मध्ये यावर तोड काढली आणि पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं. प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एक रंगीत काच बसवायची. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. हिरव्याला झुकतं माप का? कारण बारीक तपशील ओळखताना आपला डोळा हिरव्या उजेडावरच जास्त भिस्त ठेवतो.

आता गंमत बघा. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग ठाऊक. उरलेले दोन रंग तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावून लिहितो! म्हणजे तुमच्या लग्नाच्या अल्बममधला दोन-तृतीयांश रंग चक्क अंदाजपंचे. शालू अगदी तस्साच लाल होता, असं छातीठोकपणे सांगण्याआधी जरा विचार करा.

‘अंदाज कशाला? प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग दिसू देत की!’ असा बाणेदार सवाल करणारा एक सेन्सरही आहे. नाव फोव्हिऑन. आणि त्याच्या चाहत्यांइतकी सोशिक माणसं शोधून सापडायची नाहीत.

त्याची करामत सिलिकॉनच्या स्वभावातच आहे. निळा उजेड सिलिकॉनच्या वरच्या थरातच शोषला जातो, हिरवा थोडा आत शिरतो आणि लाल सर्वांत खोल जातो. मग एकाखाली एक तीन थरांत मोजमाप करा, झालं काम! काच नको, अंदाज नको. २००२ मध्ये सिग्मा या जपानी कंपनीने एसडी९ कॅमेऱ्यात हा सेन्सर बसवून विकायला काढला. त्या कॅमेऱ्याचा तोरा असा, की तो जेपेग फोटो काढायचाच नाही. फक्त रॉ! घरी जा, कॉम्प्युटर लावा, फाइल उघडा आणि चहा टाकून या.

बरं, त्याचे मेगापिक्सेल मोजायचे कसे? चित्रात ठिकाणं ३४ लाख, पण प्रत्येक ठिकाणी थर तीन. कंपनी म्हणणार एक कोटीच्या वर, विरोधक म्हणणार ३४ लाखच. या एका हिशेबावरून जगभर इतकी भांडणं झाली, की वाटणीच्या खटल्यातही होत नसतील.

२०११ मध्ये आला एसडी१. अमेरिकेत दुकानातला भाव सुमारे ६,९०० डॉलर! निस्सीम भक्तांनी पोटाला चिमटा काढून घेतला. २०१२ उजाडलं, आणि तोच सेन्सर असलेला कॅमेरा ‘एसडी१ मेरिल’ या नव्या नावाने २,३०० डॉलरच्या आसपास! पहिल्या गिऱ्हाइकांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. कंपनीने त्यांना सिग्माच्याच वस्तू घेता येतील असे पॉइंट्स देऊ केले. दुसरी एखादी कंपनी गप्प बसली असती, हेही खरं. आणि ते मेरिल कोण? फोव्हिऑनच्या जनकांपैकी एक, डिक मेरिल. त्यांचं २००८ मध्ये निधन झालं होतं, म्हणून कॅमेऱ्याला त्यांचं नाव. बाजारभावाच्या गोंधळातही कंपनीला आपला माणूस आठवला, मला तरी हे आवडलं.

खरी परीक्षा पुढेच! सप्टेंबर २०१८ मध्ये सिग्माने जाहीर केलं, की फुल फ्रेम फोव्हिऑन येतोय, २०१९ ला. तीन थर, प्रत्येक थरावर दोन कोटी पिक्सेल. आनंदीआनंद! २०२० च्या फेब्रुवारीत निरोप आला, जरा थांबा. २०२१ मध्ये निरोप आला, सेन्सरचं काम पहिल्यापासून नव्याने सुरू करतोय. पहिल्यापासून! मालक काझुतो यामाकी जिथे जातील तिथे हा प्रश्न त्यांच्या आधी पोचलेला असतो.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सिग्माने नवा कॅमेरा खरंच आणला की! नाव बीएफ. ॲल्युमिनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरलेली बॉडी, एकेक कोरायला सात तास. कार्डाची खाचच नाही, आतच २३० जीबी मेमरी. देखणा, हटके, झकास. आत सेन्सर कोणता? रंगीत काचांचा, बायरवाला! फोव्हिऑनभक्तांनी त्या दिवशी काय केलं असेल, ते छापण्यासारखं नसावं.

आता उलटी तऱ्हा. रंगच काढून टाकले तर? लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम काढला. त्यात बायरच्या काचाच नाहीत, फोटो फक्त काळेपांढरे. काचा वाचल्या म्हणून किंमत कमी? उलट रंगीत फोटो काढणाऱ्या भावंडापेक्षा जास्त! आणि लोकांनी खुशीत घेतला. का? काचा गेल्या की उजेड जास्त पोचतो, अंदाजाचा खेळ संपतो, आणि बारकावे असे उमटतात की बघत राहावं. तरी बायकोला हे पटवून देणं ज्याचं त्याने बघावं.

‘एक इंची सेन्सर’ ही जाहिरात वाचलीय ना? पट्टी घ्या आणि मोजा. लांबी १३.२ मिलिमीटर, रुंदी ८.८. कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर! इंच तर २५.४ चा. मग उरलेला इंच गेला कुठे? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची आणि माप सांगायचे ते त्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं. चित्र उमटायचं त्यातल्या साधारण दोन-तृतीयांश भागात. नळ्या भंगारात जाऊन जमाना झाला, माप मात्र अजून नळीचंच. किराणा दुकानात असं माप चाललं असतं का?

‘फुल फ्रेम’चं ३६ बाय २४ मिलिमीटर हे मापही वारशातच आलेलं. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि लायकाचा पूर्वज तयार झाला. साधारण त्याच सुमारास आपले दादासाहेब फाळके त्याच रुंदीच्या फिल्मवर ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित करत होते! आज अँटॉप हिल ते अमेरिका सगळे ज्या फुल फ्रेमसाठी झुरतात, तिची मोजपट्टी ही अशी शंभरी पार केलेली.

मुळात डिजिटल सेन्सर जन्मला कसा, माहीत आहे का? तासाभरात! १७ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ फळ्यासमोर उभे राहिले आणि सुमारे तासाभरात सीसीडीचा आराखडा उभा केला. डोक्यात कॅमेरा होता का? मुख्य निकड होती कॉम्प्युटरच्या मेमरीची! मेमरी राहिली बाजूला, आठवणी मात्र अब्जावधी साठल्या. नोबेल कधी? २००९ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. वाट बघण्याची खोड या धंद्यात जन्मजातच दिसते.

पुढचा किस्सा तर बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. कोडॅकमधला पंचविशीतला इंजिनिअर स्टीव्हन सॅसन याने डिसेंबर १९७५ मध्ये पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. लेन्स जुन्या सुपर-८ मूव्ही कॅमेऱ्याची, बॅटऱ्या १६, आणि फोटो साठवायला कॅसेट. हो, गाण्यांची असते तसलीच! एक फोटो टेपवर चढायला २३ सेकंद. रिझोल्यूशन शंभर बाय शंभर, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एका कॅसेटवर फोटो मात्र तीसच ठेवायचे, असं सॅसनने ठरवलं. का? फिल्मचे रोल २४ आणि ३६ चे, त्याच्या अधेमधे बसणारा आकडा म्हणून! फिल्म विकणाऱ्या कोडॅकने हा शोध कपाटात ठेवला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज भरला.

ऑक्टोपसचा डोळा तुमच्यापेक्षा बरा बनलाय. रागावू नका, थोडं ऐका. माणसाच्या डोळ्यात पडद्याच्या पुढून नसांचं जाळं जातं. उजेड आधी वायरिंग ओलांडतो, मग पेशींपर्यंत पोचतो, आणि नसा जिथून बाहेर पडतात तिथे चक्क आंधळा ठिपका. ऑक्टोपसची वायरिंग मागच्या बाजूला, त्यामुळे ठिपका नाही. आधीचे कॅमेरा सेन्सर माणसासारखे होते, तारा पुढे. मग चिप उलटी करून तारा मागे टाकल्या, त्याला म्हणतात बॅक-इल्युमिनेटेड किंवा बीएसआय. तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा हाच आहे. अंधाऱ्या हॉटेलात फोटो बरा आला, तर आभार त्या उलट्या चिपचे.

गणपती मिरवणुकीतल्या एलईडी भिंतीचा फोटो काढलात आणि त्यावर काळे पट्टे आले? मोबाइल बिघडलेला नाही. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक सेन्सर चित्र एका झटक्यात वाचत नाहीत, ओळीओळीने वरून खाली वाचतात. तेवढ्यात एलईडी कितीदा तरी लुकलुकून घेतो. विमानाचा पंखा याच कारणाने केळ्यासारखा वाकडा दिसतो. यावरचा उतारा म्हणजे ग्लोबल शटर, सगळे पिक्सेल एकदम! फुल फ्रेममध्ये हा पराक्रम पहिल्यांदा केला सोनीच्या ए९ थ्रीने, नोव्हेंबर २०२३ मध्ये. सेकंदाला १२० फोटो, शटर १/८०,००० सेकंदापर्यंत. मग सगळे खूश? छे! त्याचा मूळ आयएसओ १०० नसून २५० आहे, यावरून लगेच नाकं मुरडून झाली. या जमातीला लग्नात जेवण चांगलं झालं, तरी पानात मीठ कुठल्या बाजूला वाढलं ते दिसतं.

निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. मग ‘खचाक्’ आवाज कुठून येतो? स्पीकरवरून! प्लेबॅक सिंगिंग फक्त सिनेमातच असतं, असं कुणी सांगितलं?

आता थोडा चमत्कार. बटण दाबायच्या आधीचा फोटो मिळतो, माहीत आहे का? खंड्या फांदीवर ध्यान लावून बसलाय. तुम्हीही बसलात. तो सूर मारतो, तुमचा मेंदू जागा होतो, बोट दाबतं, आणि फोटोत येते रिकामी फांदी! ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क टू मध्ये प्रो कॅप्चर आणलं. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा गुपचूप फोटो काढत राहतो आणि पूर्ण दाबलं की मागचे १४ फोटोही पदरात टाकतो. फांदीवरचा, फांदी सोडतानाचा, पाण्याच्या वरचा, सगळा खंड्या. आता ही सोय निकॉन, सोनी सगळ्यांकडे पसरलीय. कौशल्य कुणाचं, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

मेगापिक्सेलची शर्यत? घ्या! सॅमसंगने २०२१ मध्ये मोबाइलसाठी २०० मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला. एक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीत शंभराच्या आसपास पिक्सेल दाटीवाटीने बसतील. अंधार पडला की सोळा-सोळा पिक्सेल एकत्र येऊन एकाचं काम करतात आणि हातात येतात साडेबारा मेगापिक्सेल. आणि २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचे मुख्य कॅमेरे किती मेगापिक्सेलचे? दोन! आराखडा २००४ मध्येच पक्का झाला होता आणि मंगळावरून फोटो पाठवायचा वेग बेताचा. दोन मेगापिक्सेलमध्ये परग्रह दाखवला क्युरिऑसिटीबाईंनी, आणि आपण दोनशे मेगापिक्सेलमध्ये मिसळपाव टिपतोय.

कॅनन तर हट्टालाच पेटलेली. २०१५ मध्ये २५ कोटी पिक्सेलचा सेन्सर केला आणि सांगितलं, की १८ किलोमीटरवरच्या विमानाच्या अंगावरची अक्षरं यातून ओळखता येतात. जानेवारी २०२५ मध्ये फुल फ्रेम मापात थेट ४१ कोटी! दुकानात मागायला जाऊ नका, हे काम पाळत, उद्योग आणि वैद्यकीय वापरासाठी आहे.

याच कॅननचा एक धागा थेट आपल्या अजिंठ्याला येऊन भिडतो. १९३४ च्या त्यांच्या पहिल्या नमुना-कॅमेऱ्याचं नाव होतं क्वानन, म्हणजे जपानी बौद्धांची करुणेची देवता, आपल्या अवलोकितेश्वराचं तिकडचं रूप. लेन्सचं नाव काश्यप, बुद्धाच्या शिष्यावरून. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो पद्मपाणी आहे, तो हाच अवलोकितेश्वर! तिथे मिणमिणता उजेड आणि फ्लॅशला सक्त मनाई. सगळी मदार सेन्सरवर. आयएसओ वाढवा, श्वास रोखा आणि देवाचं नाव घ्या, जे कॅमेऱ्याच्या माथ्यावर जवळजवळ लिहिलेलंच आहे.

कॅमेऱ्यांच्या जगात भूकंप होतो, म्हणजे खरोखर भूकंप होतो! एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतोला धक्के बसले आणि तिथला सोनीचा सेन्सर कारखाना थांबला. सोनीचे सेन्सर बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांच्या पोटातही असतात, त्यामुळे हादरे सगळ्यांना. त्याच वर्षी जाहीर झालेली निकॉनची डीएल ही खिशातल्या कॅमेऱ्यांची मालिका लांबत लांबत गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्दच झाली. नफ्याचं गणित जमेना, म्हणे. पण हे ‘म्हणे’ खुद्द कंपनीचं.

एवढं असून कॅमेरे विकले किती जातात? जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ मध्ये? ७७ लाखांच्या आसपास! मोबाइलने बाकीचं गिळलं. आता जे रांगेत उभे आहेत ते अस्सल वेडे. फुजीफिल्मचा एक्स१००सिक्स २०२४ च्या फेब्रुवारीत आला, त्याची खास आवृत्ती निघाली १,९३४ नगांची, कारण कंपनीचा जन्म १९३४ चा. या मालिकेला डोक्यावर घेतलं टिकटॉकवरच्या पोरांनी. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद, वेटिंग लिस्ट मात्र बरोबर पोचली!

जाता जाता सगळ्यांचा बाप. चिलीतल्या डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळा आहे. तिचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा, वजन सुमारे तीन टन, आत १८९ सीसीडी सेन्सर आणि ते उणे शंभर अंशांपर्यंत गार ठेवलेले. बाजारातून हद्दपार झालेली सीसीडी आकाशाच्या नोकरीत अजून आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्या मागेही सीसीडीच. रुबिनचा एकच फोटो पूर्ण आकारात बघायचा, तर ३७८ फोर-के टीव्ही लागतील. हॉल मोठा घ्या!

हा कॅमेरा पुरा व्हायला सुमारे दोन दशकं लागली. आकाशाचे पहिले फोटो जगाने पाहिले ते जून २०२५ मध्ये. पण सेन्सर आधीच तयार होते, लेन्स जोडायची होती, आणि शास्त्रज्ञ झाले तरी माणसंच, त्यांना दम कुठला? सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी केसाएवढ्या भोकाची एक पेटी पुढे धरली आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या डिजिटल कॅमेऱ्याचे पहिले फोटो काढलेच. मॉडेल म्हणून कोण बसलं होतं, माहीत आहे का? ब्रोकोली!